पाला कोणाचा, पावती कोणाला

कार्यालयाचा फोन वाजला की पहिला प्रश्न हमखास असायचा, "कढीपत्त्याचं रोप मिळेल का हो?" दोष लोकांचा नव्हता. आमच्या पाटीवर 'हरित' हा शब्द मोठा आणि 'पक्ष' हा शब्द लहान होता, शिवाय खाली एक टवटवीत पान रंगवलेलं. मंडईत भाजी घेऊन दमलेली माणसं पिशव्या सांभाळत आमचा जिना चढून वर येत आणि रोपवाटिका कुठे आहे असं विचारत. मी सांगायची, "हा राजकीय पक्ष आहे." "म्हणजे रोपं नाहीत?" "नाहीत. विचार आहेत." "राहू द्या मग," असं म्हणून ती खाली उतरत. एका आजोबांनी मात्र मला अर्धा तास बसवून जास्वंदीवरच्या माव्याचा उपाय विचारला आणि जाताना म्हणाले, "मत नाही देणार, पण माणूस चांगल्या आहात."

त्या पक्षाची मी गेल्या वर्षापर्यंत कार्यालय चिटणीस होते. आयुष्यातली उमेदीची सगळी वर्षं तिथेच गेली आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही. आमचा नगरसेवक कधी निवडून आला नाही. अनामत जप्त होणं हा आमच्याकडे दर निवडणुकीचा विधीच होता, आणि उमेदवार तो हसतमुखाने पार पाडत. लोक कीव करत, "कशाला हा उपद्व्याप?" त्यांना मी सांगत असे की लहान पक्षाचं काम निवडून येण्याचं नसतंच. लहान पक्ष मागण्या तयार करतो. आज आम्ही मागितलेली गोष्ट काही वर्षांनी मोठा पक्ष स्वतःची म्हणून जाहीर करतो, फीत कापतो, फलकावर स्वतःचा फोटो लावतो. आमच्या घरची मागणी चोरीला गेली की आम्ही पेढे वाटत असू.

कार्यालय चिटणीस म्हणजे काय, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं म्हणून सांगते. सभा बोलवायची, इतिवृत्त लिहायचं, महापालिकेने कसल्याही आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या की मुदतीच्या आत हरकत दाखल करायची, आणि जाहीरनामा टंकून छापखान्यात न्यायचा. चिटणीस पगारी असल्यामुळे त्याने सभेत मत द्यायचं नाही, असा आमच्याकडे दंडक होता. तोंड मिटून लिहायचं. पुण्यात जन्मलेल्या बाईला ही शिक्षा किती कडक असते याची कल्पना वाचकांनीच करावी.

आमचा दुसरा दंडक त्याहून विचित्र होता. पक्षात मतदान नव्हतं. बहुमताच्या जोरावर अल्पमताला चिरडायचं नाही, असं संस्थापकांचं म्हणणं. ठराव वाचला जाई, आणि ज्याची हरकत असेल त्याने जागच्या जागी उभं राहायचं. एक जरी माणूस उभा असेल तरी ठराव मंजूर नाही. त्याची समजूत घाला, नाहीतर ठराव बदला. एकदा एका सदस्यांना कंबरेत उसण भरली म्हणून ते भिंतीला टेकून उभे राहिले, तर आम्ही तासभर त्यांना नदीसुधारणेचे मुद्दे पटवून देत होतो. शेवटी ते म्हणाले, "अहो, मला सगळं पटलंय, पण बसवत नाहीये."

आता मुख्य गोष्टीकडे येते. आमच्या जाहीरनाम्यात दोन प्रकरणं होती, पर्यावरण आणि सामाजिक न्याय. ती दोन वेगवेगळ्या समित्या लिहीत. पर्यावरणवाले रविवारी सकाळी टेकडी उतरून आले की कोथरूडला देवधर सरांच्या घरी जमत. सामाजिक न्यायवाले गुरुवारी संध्याकाळी कार्यालयात, कारण त्या दिवशी कंत्राटी सफाई कामगार बायका त्यांच्या अर्जविनंत्या घेऊन तिथे येत. दोन्ही समित्यांतली माणसं सज्जन, अभ्यासू, आणि एकमेकांचं प्रकरण कधीही न वाचणारी. दोन्ही प्रकरणं वाचणारी व्यक्ती एकच, ती म्हणजे टंकणारी. पर्यावरणाच्या प्रकरणात 'पालापाचोळा जाळणाऱ्यास जागेवर दंड करावा' ही मागणी आली तेव्हा मी म्हटलंही होतं, "सर, पाला जाळतं कोण, हे एकदा गुरुवारवाल्यांना विचारता का?" त्यावर देवधर सर अत्यंत सौजन्याने म्हणाले, "शैलाताई, आपण शुद्धलेखन तेवढं बघा." मी शुद्धलेखन बघितलं.

देवधर सर आमचे पर्यावरणप्रमुख. महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, आणि आपल्या सोसायटीचे चेअरमन. त्यांच्याबद्दल कोणी वावगं बोललेलं मला खपणार नाही. त्यांच्या पत्नीला दमा आहे. फाल्गुनात गल्लीतली झाडं पानं गाळू लागली की ढीग पेटत, आणि वहिनींना गॅलरीचं दार लावून आत कोंडून घ्यावं लागे. एका वर्षी त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. ती मागणी सरांनी पुस्तकातून आणलेली नव्हती.

आणि नवल म्हणजे आमची ही मागणी चोरीला न जाता चक्क मान्य झाली. पाला जाळताना दिसला तर फोटो काढून ॲपवर टाका, आरोग्य निरीक्षक जागेवर येऊन पावती फाडेल, असं महापालिकेने जाहीर केलं. कार्यालयात आम्ही इतके आनंदलो की खालच्या दुकानदाराने वर येऊन विचारलं, "कोण निवडून आलं?"

त्याच आठवड्यात, गुरुवारी, सुमन आली. सुमन कोथरूडच्या एका आरोग्य कोठीवर, म्हणजे सफाई कामगारांच्या हजेरीच्या ठाण्यावर, झाडणकाम करते, कंत्राटी. माहेर लोणी काळभोरचं, नवरा नाही, दोन मुली शिकतायत. एरवी जिना चढतानाच तिचं बोलणं ऐकू यायचं. त्या दिवशी गुपचूप येऊन माझ्या टेबलाशी थांबली.

"ताई, मला दंड लागलाय. मुकादम म्हणतोय, तुमच्याच पक्षानं लावलाय. खरं हाय?"

मी खरं ते सांगितलं.

"आन् त्यो असंबी म्हणतोय की पुन्यांदा घावलीस तर उद्यापासनं येऊ नको."

तिचा प्रश्न सोपा होता. झाडून गोळा केलेला पाला टाकायचा कुठे? घंटागाडीवाला म्हणे, हा ना ओला ना सुका, हा बागेचा कचरा, मी घेणार नाही. सोसायट्या आपल्या आवारातला पालाही रस्त्यावर लोटून मोकळ्या होत. कंत्राटदाराच्या मुकादमाला निरीक्षक यायच्या आत रस्ता स्वच्छ दिसायला हवा, म्हणून तोच म्हणे, "पेटव." पेटवला की पावती सुमनच्या नावाने. मी म्हटलं, "रविवारी आमची मासिक सभा आहे. तू ये."

ती आली. सभा भरलेली होती, खुर्च्या भरल्या होत्या, सतरंजीही भरली होती. ती दाराशी चपलांच्या ढिगाजवळ उभी राहिली. तोपर्यंत देवधर सर ठराव वाचायला लागलेसुद्धा. दंड सुरू केल्याबद्दल प्रशासनाचं अभिनंदन, आणि पुढे, 'तोच कामगार दुसऱ्यांदा पाला जाळताना आढळल्यास त्यास कामावरून कमी करण्यात यावे.' मुकादमाने तोंडी दिलेली धमकी आमचा पक्ष आता कागदावर मागत होता.

सरांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "कोणाची हरकत?" सतरंजीवर नजर टाकली, खुर्च्यांवर टाकली. "कोणी नाही. मंजूर."

"मंजूर नाही, सर," मी म्हणाले. "एक जण उभं आहे."

सगळ्यांनी वळून दाराकडे बघितलं. सर म्हणाले, "अहो, त्यांना बसायला जागा नाहीये. द्या कोणीतरी खुर्ची." कोणीतरी उठून लगबगीने खुर्ची सरकवली. सुमनने खुर्चीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ताई, मी बसले की त्यो ठराव पास हुतो का?"

"होतो."

"मग नगं मला खुर्ची."

एक सदस्य म्हणाले, या सभासद नाहीत, त्यांचं उभं राहणं धरता येणार नाही. नियम मला तोंडपाठ. 'सभेस उपस्थित असलेली कोणतीही व्यक्ती' असे शब्द आहेत, आणि ते मी वाचून दाखवले. संस्थापक भाबडे होते, पण त्या दिवशी मी मनात त्यांना नमस्कार केला. सर म्हणाले, "ठीक आहे. आपली हरकत काय, ते सांगा."

"मला एकदा दंड झालाय. दुसऱ्यांदा घावले की काम जातंय म्हणता. दुसऱ्यांदा म्हंजी उद्याच की, सर. पाला काय माझ्यासाठी पडायचा थांबतोय व्हय?"

"मग जाळू नका."

"ठिवू कुठं?"

"गाडीत द्या."

"गाडीवाला घेत न्हाई."

"मुकादमाला सांगा."

"त्योच म्हणतोय पेटीव."

मग सरांनी जे सांगितलं ते मी शब्दशः लिहून घेतलं, कारण तेही खरंच होतं. "मला तुमच्याबद्दल आदर आहे. पण माझ्या घरात एक माणूस आहे जिला श्वास घेता येत नाही. धूर करणारा गरीब आहे म्हणून धूर कमी विषारी होत नाही."

"वहिनींचा दमा मला ठावं हाय," सुमन म्हणाली. "म्हणून तर मी ढीग तुमच्या गॅलरीखाली पेटवत न्हाई. वढत वळणावर न्हेते."

सरांनी चष्मा काढला, पुन्हा लावला.

"आपण... आमच्या गल्लीत असता?"

"मला वळखलं न्हाई व्हय, सर? तोंडाला फडकं असतंय माझ्या. धूर मलाच पहिला लागतोय."

सर सगळ्यांकडे वळून म्हणाले, "ॲपवर तो फोटो मी टाकला होता." कोणी विचारलं नव्हतं. कोणाला कधी कळलंही नसतं. माझ्या मनात त्या माणसाची किंमत तेव्हा वाढली.

पण वाकतील तर ते देवधर सर कसले? म्हणाले, "आणि धूर दिसला तर पुन्हा टाकीन. ठराव मी मागे घेत नाही." चहा आला. सुमनने चहा उभ्यानेच घेतला. मग तोडगे सुरू झाले. कोणी म्हणालं, यांचा दंड आपण वर्गणी काढून भरू. कोणी म्हणालं, माणुसकीच्या दृष्टीने यांच्यापुरता अपवाद करू. पुण्यात तत्त्व अडलं की आधी अपवाद शोधतात. सुमन म्हणाली, "आन् कोठीतल्या बाकीच्या बायांचं काय?" हळूहळू चुळबूळ सुरू झाली, लोक घड्याळं बघू लागले, आणि मला स्पष्ट दिसलं की ही बाई पायांनी दमेपर्यंत थांबायचं असं सभेने न बोलता ठरवलेलं आहे.

मी उठून उभी राहिले.

"शैलाताई, आपण बसून लिहा," सर म्हणाले. "चिटणिसांना मत नाही."

"उभ्यानेही लिहिता येतं, सर," मी म्हटलं. "मत नाही देत. इतिवृत्तासाठी दोनच गोष्टी विचारते. गल्लीतली झाडं कोणाच्या आवारातली?"

"बहुतेक सोसायट्यांच्या."

"मग पाला सोसायट्यांचा, पेटवायचा हुकूम कंत्राटदाराच्या माणसाचा, आणि पावती हिच्या नावाने. हे असंच लिहू का?"

मला वाटलं होतं, आता माझी नोकरी जाणार. पण आधी गुरुवारवाल्या समितीतले एक गृहस्थ उठून उभे राहिले. मग टेकडीवाल्यांपैकी दोघी. नंतर खुर्च्या वाजायला लागल्या. शेवटी बसलेले फक्त देवधर सर उरले, आणि ते रागाने नव्हे, विचार करत बसले होते. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि ठरावातली ओळ खोडली. नवा मजकूर त्यांनी स्वतः लिहिला, प्रयोगवहीत निरीक्षण लिहावं तसा नेटका. धूर बंद झालाच पाहिजे. दंड पाला ज्यांचा त्या सोसायटीला आणि जाळायला लावणाऱ्या कंत्राटदाराला, झाडणाऱ्या कामगाराला कधीही नाही. प्रत्येक सोसायटीने पाला कुजवण्यासाठी आवारात जागा द्यावी. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "सुमनताई, आता बसता का?"

"एकदा परत वाचा," ती म्हणाली. त्यांनी परत वाचलं. मग ती बसली.

हरित पक्ष म्हणजे काय, असं मला कोणी आज विचारलं तर मी ती सभा सांगते. झाडं वाचवायची आणि माणसंही वाचवायची, असं भाषणात सगळेच म्हणतात. पण झाड वाचवण्याची किंमत कोणी मोजायची, हे ठरवायला झाडणारी बाई त्याच खोलीत असावी लागते. आमच्या जाहीरनाम्यात तेव्हापासून दोन प्रकरणं नाहीत. एकच आहे, आणि समितीही एकच. भांडणं दुप्पट झाली, पण भांडणारे एकमेकांच्या तोंडावर भांडतात.

फळं लगेच मिळाली, असं मात्र कोणी समजू नये. सर आम्हा पाचसहा जणांना घेऊन कोठीवर गेले आणि मुकादमाला म्हणाले, तक्रार माझी होती, या बाईंना काढलंत तर पुढची तक्रार तुमच्यावर असेल. सुमनचं काम टिकलं. पण मुकादमाच्या मनातून ती उतरली ती उतरलीच. गल्लीत पुन्हा धूर दिसला तर बघतो, असं तो तिला येता-जाता ऐकवी. महापालिकेने नवा ठराव अर्धाच मानला. दंड सोसायटीलाही करता येईल, असं परिपत्रक काढलं, म्हणजे समोर सापडेल त्याच्यावर फाडायला निरीक्षक मोकळा. बाकीच्या गल्ल्यांत पावत्या अजूनही झाडणाऱ्या बायकांच्याच नावाने फाटत असतील, याची मला टोचणी आहे.

कोथरूडकर आमच्यावर संतापले. पाला कुजवायला जागा द्यायची म्हणजे एका गाडीची जागा जाणार. कोथरूडमध्ये माणूस एक वेळ किडनी देईल, पण पार्किंग देणार नाही. एका गृहस्थांनी मला फोनवर सुनावलं, "आम्ही आजवर तुम्हाला मत देत आलो!" मी विचारलं, "कधी?" त्यांनी फोन ठेवला. सरांच्या सोसायटीतही सर्वसाधारण सभा गाजली. शेवटी सरांनी स्वतःच्या गाडीची जागा दिली आणि जुनी गाडी विकून टाकली. त्या जागेवर जाळीचा मोठा पिंजरा उभा राहिला. पाला त्यात दाबायचा, वरून पाणी मारायचं, पावसाळ्यापर्यंत त्याचं काळंभोर खत होतं. सुमन आता गल्लीतला पाला तिथेच आणून टाकू लागली.

मी निवृत्त होण्याच्या आधीचा फाल्गुन. सकाळी सरांचा फोन आला. "शैलाताई, गल्लीत धूर आहे. आपण येऊ शकाल का?" आवाज नेहमीसारखा नव्हता. मी रिक्षा केली. लकडी पुलावरून जाताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. धूर कोणी का केला असेना, नाव सुमनचंच लागणार.

पोहोचले तर पिंजरा काळाठिक्कर. अर्धा पाला जळून गेलेला, बाकीचा भिजून धुमसत होता. सुमन शेजारच्या नळावरून बादल्या आणून ओतत होती. साडी गुडघ्यापर्यंत ओली, फडकं गळ्यात आलेलं. वहिनी वर गॅलरीच्या बंद काचेमागे नाकाला पदर लावून उभ्या. पिंजरा कोणी पेटवला ते सोसायटीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी सांगणार नव्हतं. पिंजऱ्यामुळे गाडी लावायला जागा मिळत नाही म्हणून पंधरवडाभर कुरकुरणारं एक कुटुंब त्या सकाळी दार लावून बसलं होतं.

कोणीतरी ॲपवर फोटो टाकलेला होताच. निरीक्षक आला, मागोमाग मुकादमही. मुकादमाने सुमनकडे बोट केलं आणि म्हणाला, "हीच ती साहेब, हिला आधीबी एकदा झालाय." निरीक्षकाने आजूबाजूला बघितलंही नाही. पावतीपुस्तक उघडलं आणि तिला म्हणाला, "नाव सांगा बाई."

सुमनच्या हातात भरलेली बादली होती. ती ओतावी की खाली ठेवावी हे तिला सुचेना.

"माझं लिहा," सर म्हणाले. ते त्या दोघांच्या मध्ये येऊन उभे राहिले होते. "पाला सोसायटीचा आहे. चेअरमन मी आहे."

निरीक्षक गडबडला. "सर, तुमच्या नावाने कशी फाडू? तुम्ही तर स्वतः या मोहिमेचे..."

"म्हणूनच."

त्याने मुकादमाकडे बघितलं. मुकादम दुसरीकडे बघू लागला. मग निरीक्षकाने नाव लिहिलं, पत्ता लिहिला, आणि पेन उचलून विचारलं, "मग या बाई इथे काय करत होत्या म्हणून लिहू?"

"आग विझवत होत्या," सर म्हणाले. "तेही लिहा."